सुभेदार (निवृत्त)

पाण्याची टाकी, पार्किंगचं भांडण आणि एक निवृत्त फौजी, या तीन गोष्टींशिवाय हौसिंग सोसायटी रजिस्टरच होत नसावी, असा माझा समज आहे. निदान कल्याणच्या पुढे तरी. बदलापूर गावातल्या आमच्या तीन मजली इमारतीत टाकी गळकी होती आणि पार्किंगला जागाच नव्हती. त्यामुळे सगळा भार सुभेदारसाहेबांवर पडला आणि तो त्यांनी समर्थपणे पेलला.

त्यांचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. याला जबाबदार ब्रासो. त्यांच्या दारावर पितळी पाटी होती. दर रविवारी सकाळी बनियन आणि खाकी हाफपँट घालून साहेब ती घासायला उभे राहत. पट्ट्याचं बक्कल चमकवण्यात अठ्ठावीस वर्षं मुरलेला हात तो! त्याच्यापुढे कारागिराने बारीक अक्षरांत कोरलेलं नाव किती टिकणार? पाचसहा वर्षांत नाव गुळगुळीत झालं आणि ठळक कोरलेले दोनच शब्द उरले. सुभेदार, आणि कंसात निवृत्त. त्यातलं ‘सुभेदार’ सगळ्यांना मान्य होतं. ‘निवृत्त’बद्दल सोसायटीत दुमत होतं.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्या महायुद्धात ज्या गावाचे 46 जवान कामी आले आणि ज्याच्या नावालाच पुढे ‘मिलिटरी’ चिकटलं, त्या अपशिंग्याच्या पंचक्रोशीतले. तिकडे पोरगं दहावीला बसलं की मार्कांच्या आधी त्याची छाती मोजतात. हे 1976 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झाले आणि 2004 साली सुभेदार होऊन बाहेर पडले. मेव्हणा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होता. त्याने घरं दाखवायला सुरुवात केली. फंडाच्या पैशात ठाण्याला गॅलरी येत होती, डोंबिवलीला मजल स्वयंपाकघरापर्यंत गेली, आणि अख्खं घर बदलापूर गावात आलं. शिवाजी महाराजांच्या फौजेचे घोडे इथे बदलले जात, असं गावात सांगतात. हे कानावर आल्यावर तर साहेबांनी जागच्या जागी टोकन दिलं.

पहिलं वर्ष लोकांनी त्यांना हसण्यावारी नेलं. मग 26 जुलै 2005 उजाडला. कारगिल विजय दिवस म्हणून साहेब सकाळपासून कोटावर मेडलं लावून बसले होते, आणि उल्हास नदी चहापाण्याला यावी तशी तळमजल्यावर आली. आम्ही ‘काय करायचं, काय करायचं’ करत जिन्यात उभे होतो. साहेबांनी शिट्टी मारली. अर्ध्या तासात तळमजल्यावरचे सगळे लोक, गॅस सिलिंडर, दहावीची सर्टिफिकेटं आणि कुणाची तरी आंधळी आजी गच्चीवर होती. मग गच्चीवर त्यांनी सगळ्यांना तीन रांगांत उभं करून मोजलं. एक आकडा जास्त भरला. तो दूधवाला निघाला. तेव्हापासून ती शिट्टी सोसायटीच्या घटनेचा भाग झाली.

पुढे तिचा जाच सुरू झाला. पाणी सुटलं की शिट्टी, कचऱ्याची गाडी आली की शिट्टी. सर्वसाधारण सभा साडेनऊला म्हणजे नऊ पंचवीसला. पाच मिनिटं आधी पोचणं म्हणजे वेळेवर पोचणं, हा त्यांचा हिशोब. दहाला येणाऱ्या सेक्रेटरीला ते सगळ्यांदेखत विचारत, “जवान, रस्त्यात बर्फ होता का?” आमचे सेक्रेटरी तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. साहेबांच्या लेखी बायकामाणसं सोडून सगळे जवान.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्यांच्याबद्दलचं प्रेम उफाळून यायचं. तो कॅन्टीनचा आठवडा. साबण, खोबरेल, प्रेशर कुकर अशी इमारतभरची यादी घेऊन ते निघत. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ यादीत सगळ्यात खाली, अगदी लहान अक्षरांत, ‘जमल्यास ती’ असं लिहीत. साहेब त्यांना दर महिन्याला न चुकता फिनेल आणून देत.

गल्लीतली पोरं त्यांना घेरून विचारत, “आजोबा, कारगिलच्या वेळी तुम्ही कुठे होता?” साहेब बोट आढ्याकडे करत. “वर.” पोरं सरसावून बसत. “मग काय झालं?” “मोजे ओले झाले.” पुढचा अर्धा तास मोज्यांवर. ओला मोजा पायात राहिला तर बोटं कशी काळी पडतात, कोरडी जोडी छातीशी कशी ठेवायची, अंडं गोठून दगड झालं तर ते कसं खायचं. गोळी कधी सुटलीच नाही त्यांच्या गोष्टीत. पोरं कंटाळून क्रिकेट खेळायला पळत. मोठ्यांपैकी ज्याला जे समजायचं ते समजे.

पेन्शन होती, पण मुलीचं लग्न आणि मुलाचं इंजिनिअरिंगही होतं. म्हणून काही वर्षं ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर झाले. ज्याच्या शब्दावर पलटणीतले जवान उठबस करत, तो माणूस पंचवीस वर्षांच्या मॅनेजरच्या गाडीला सॅल्यूट मारायचा. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाले, “सॅल्यूट माणसाला नसतो, हुद्द्याला असतो. गाडीत माकड बसलं तरी मारायचा.” आणि एके दिवशी पास नाही म्हणून त्यांनी त्याच मॅनेजरला गेटवर वीस मिनिटं उभं ठेवलं. सॅल्यूट मारून.

असा माणूस एकदाच निरुत्तर झालेला मी पाहिला. उल्हासनगरला आम्ही पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो. रिक्षावाले ‘कॅम्प तीन, कॅम्प चार’ ओरडत होते, त्याने साहेबांचा ऊर भरून आला. दुकानाच्या गादीवर बसून त्यांनी मालकाला सगळा इतिहास ऐकवला. महायुद्धातली कल्याण कॅम्पची छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेल्या बराकी, 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी बसवलेला शहराचा पायाचा दगड. म्हाताऱ्याने कापड मोजता मोजताच उत्तर दिलं, “साहब, बैरक में आप सोये हो. हम तो पैदा हुए हैं.” त्या दुकानात साहेबांनी पुढे कधी घासाघीस केली नाही.

घरी मात्र निरुत्तर होणं रोजचंच होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांचा संसार रजेवर चालला. वर्षाकाठी दोन महिने यायचं, पोरांना उंच उचलायचं, काळ्या ट्रंकेतून काजू-अक्रोड काढायचे आणि पुन्हा ट्रंक उचलून महालक्ष्मी एक्स्प्रेस गाठायची. पत्रावर पत्ता कायम 56 ए.पी.ओ. शाळेत बाईंनी वडिलांचं गाव विचारलं, तेव्हा मुलीने ‘छप्पन्न’ असं सांगितलं होतं म्हणे. शेत, सासू-सासरे, पोरांची आजारपणं, सगळं काकूंनी एकटीने निभावलं. साहेब पेन्शनीत आले तेव्हा त्यांना वाटलं, आपण घराचा ताबा घ्यायला आलोय.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन केलं. “लंबा दाहिने, छोटा बाएँ!” असं म्हणत सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. रव्याशेजारी वॉशिंग पावडर आली, हिंगाची डबी टोकाला गेली ती दोन दिवस सापडेना. काकूंनी एक शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुढ्यात दळणाची पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, “ह्या घरात माझी सर्व्हिस अठ्ठावीस वर्षांची. तुमची तीन दिवसांची. रंगरुटानं कोठारात जायचं न्हाई. गिरणीवर जायचं.” साहेब गेले. पुढे भाजी, इस्त्री आणि नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, अशा एकेक ड्यूट्या मिळत गेल्या. पोळ्या लाटायची परवानगी मिळायला नऊ वर्षं लागली. तो दिवस त्यांनी प्रमोशन झाल्यासारखा आम्हाला सांगितला. स्वतःच्या पोरांचं बालपण हातून निसटलं होतं. नातवाची बस त्यांनी एकदाही चुकू दिली नाही.

27 जुलै 2019 ला पहाटे बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर माणसं. साहेबांची ती घरची गाडी! दोर, टॉर्च आणि शिट्टी घेऊन ते निघाले. एनडीआरएफच्या पोरांनी आदराने हात जोडून त्यांना मागे धाडलं. बोटी होत्या, हेलिकॉप्टरं होती, साठी ओलांडलेल्या माणसाची गरज नव्हती. साहेब पाच मिनिटं फुरंगटले. मग सुटका झालेल्यांची सोय जिथे केली होती त्या मंगल कार्यालयात जाऊन त्यांनी चहाच्या रांगेचा ताबा घेतला. पोरंबाळं पुढे, पोटुशा बायकांना खुर्च्या, बाकीचे तीन-तीनच्या लायनीत. एक कोल्हापूरकर वैतागून म्हणाला, “आता सुटलो की हो पुरातनं!” साहेब म्हणाले, “सुटलात. चहा घेऊन सुटा.” संध्याकाळी घरी आले तेव्हा स्वतःचे मोजे भिजलेले होते. काकूंनी ते काढायला लावले आणि साताऱ्याच्या भाषेत त्यांची जी हजेरी घेतली, ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली.

गेल्या वर्षी साहेब गेले. शोकसभा साडेनऊची ठेवली होती आणि नऊ पंचवीसला झाडून सगळे हजर होते, सेक्रेटरीसुद्धा. भाषणं झाली. शिस्त, देशसेवा, आदर्श कुटुंबप्रमुख, सगळे शब्द येऊन गेले. शेवटी कुणीतरी काकूंना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

“अठ्ठावीस वर्षं मी त्यांची वाट बघितली,” त्या म्हणाल्या, “आणि घरी आल्यावर त्यांनी माझ्या स्वयंपाकघराची वाट लावली.”

सभेत चुळबुळ झाली. हसावं की डोळे पुसावेत, कुणालाच कळेना. सेक्रेटरी तर दोन्ही एकदम करत होते. काकूंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“हसा की! त्यांची काय हरकत नसायची. फक्त लायनीत हसा.”