रांजणखळगे पाहण्याचा यथासांग विधी

संकल्प

कुकडी नदीने हजारो वर्षे खपून काळ्या कातळात जे रांजणखळगे कोरले, ते पाहायला किती वेळ द्यावा याबद्दल जाणकारांत एकमत नाही. तरुणांच्या मते चार फोटोंपुरता द्यावा. ज्येष्ठांच्या मते मळगंगा देवीचे दर्शन धरून पाऊण तास पुरे. मुलांच्या मते गाडीतून उतरण्याचीच गरज नाही. या तिन्ही पक्षांना एका गाडीत बसवून निघोजला नेणे आणि भांडण न होता परत आणणे, हा प्रस्तुत विधीचा विषय आहे.

निघोज अहिल्यानगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात. नदीच्या अलीकडचे टाकळी हाजी पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. म्हणजे सीमारेषा नदीतून जाते आणि खळगे त्या रेषेवरच पडले आहेत. पुणेकराने संकल्प सोडताना ‘आपल्या शिरूरजवळ’ म्हणावे, नगरकराने ‘आमच्या पारनेरात’ म्हणावे. दोघेही बरोबर असल्यामुळे हा वाद कधीही काढता येतो आणि कधीही मिटत नाही. लांबच्या प्रवासाला असा एखादा वाद जवळ असलेला बरा.

मुहूर्त महत्त्वाचा. भर पावसाळ्यात गेल्यास नदी दुथडी भरून वाहत असते आणि ज्यासाठी आलो ते सगळे पाण्याखाली असते. अशा वेळी ‘खळगे कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्याला नदीकडे बोट दाखवावे, ते चूक ठरत नाही. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, कातळ उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये तो दुपारी इतका तापतो की भूशास्त्राची आवड अनवाणी टिकत नाही. एकूण हिवाळ्यातली सकाळ उत्तम. तरीही बहुतेक मंडळी दुपारी एक वाजता पोहोचतात, कारण सकाळी सातला निघायचे ठरलेले असते.

साहित्य

घट्ट पकडीचे बूट, पाणी, टोपी आणि डबा. कडेला शेवाळ असते आणि कातळाच्या गुळगुळीतपणाला चपलेचा ब्रँड कळत नाही. ड्रोन, ब्लूटूथ स्पीकर आणि पांढरी पँट हे साहित्य बहुतेक जण आणतात, विधीत मात्र त्याचा विनियोग सांगितलेला नाही.

मार्गक्रमण

पुण्याहून निघाल्यास वाघोलीच्या कोंडीत आयुष्याचा, कोरेगाव भीमाला इतिहासाचा आणि शिक्रापूरला नाश्त्याचा विचार करावा. पुढे रांजणगावचा महागणपती लागतो. तो अष्टविनायकांतला असल्यामुळे गाडीतल्या आजी ‘एवढं आलोच आहोत तर’ असे म्हणतात आणि त्या वाक्यावर उत्तर नसते. पुण्यापासून शिरूर साधारण ६५ ते ७० किलोमीटर. जुनी माणसे आजही शिरूरला घोडनदी म्हणतात, म्हणून रस्ता विचारताना दोन्ही नावे तयार ठेवावीत. तिथून मुख्य रस्ता सोडून डावीकडे आत जायचे, साधारण २५ किलोमीटर.

आतल्या रस्त्यावर खड्डे लागतील. ‘खड्डे बघायला खड्ड्यांतून चाललोय’ हा विनोद या टप्प्यावर गाडीतले कोणीतरी करतेच. तो कुटुंबातील ज्येष्ठाला करू द्यावा आणि सर्वांनी एकदा हसावे. त्यानंतर खरी भर घालायची असेल तर तुलना नीट मांडावी. डांबराला तडा जातो, त्यातून पाणी खालच्या थरात मुरते, चाकांच्या दाबाने बारीक माती बाहेर फेकली जाते, वरचा थर आधार गमावून खचतो आणि सुटी खडी इतस्ततः होते. म्हणजे पाणी, फट आणि सुटे दगड. कुकडीने नेमके हेच साहित्य वापरले आहे. फरक एवढाच की नदीला हजारो वर्षे लागली आणि रस्त्याला एक पावसाळा पुरतो. या स्पर्धेत नदीचा निभाव लागणे कठीण आहे.

दर्शन

पोहोचल्यावर पहिल्यांदा सर्वांनी ‘अरे बापरे’ म्हणावे. हे उत्स्फूर्त असते, शिकवावे लागत नाही. सपाट माळरानातून चालत आल्यावर नदीचे पात्र अचानक फाटल्यासारखे दिसते आणि त्या फाटीत रांजण, घंगाळे, न्हाणीघरे, कमानी, वळसे एकमेकांत घुसलेले असतात. कुठेही सरळ रेघ नाही. वरून जायला पूल आहे, त्यावरून पाहिले की पात्राचा नकाशा समजतो.

दुसऱ्यांदा कोणीतरी ‘आशियातले सर्वांत मोठे’ असे म्हणेल. हे वाक्य निघोजला येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते, गिनीज बुकाचे नावही त्याच दमात ओढले जाते. मोजणी कोणी केली, असे विचारू नये. त्याऐवजी विषय खडकाकडे वळवावा, तिथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

हा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर संपले त्या सुमाराचा म्हटले की मागच्या सीटवरचा श्रोतृवर्ग प्रथमच मोबाइल खाली ठेवतो. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकून खडकात पोकळ्या राहतात, शिवाय निवताना आकसल्यामुळे त्याला भेगा पडतात. अशा एखाद्या कच्च्या जागी पाण्याच्या ओघाला भोवरा सुटतो. पुरात वाहत आलेला गोटा त्या भोवऱ्यात सापडतो आणि बाहेर पडू शकत नाही. रवी ताकात फिरावी तसा तो फिरत राहतो, तळ आणि बाजू घासत जातो. गोटा झिजून वाळू झाला की पुढच्या पुरात नवा येतो. खळगा जितका खोल होईल तितका आत सापडलेला दगड अडकून पडतो, म्हणून कित्येक खळगे रुंदीपेक्षा खोल असतात. काम बहुतांशी पुराच्या दिवसांतच होते, एरवी नदी विश्रांती घेते.

शेजारशेजारचे दोन खळगे रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होते, भोक पडते, मग ती ढासळते. तिथे दिसणाऱ्या कमानी म्हणजे अजून न पडलेल्या अशा भिंती. असे एकेक खळगे जोडले गेले की त्यांची घळ होते आणि नदी खाली उतरते. म्हणजे कुकडी इथे नक्षीकाम करत नसून आपले पात्र खोल करते आहे. खळग्याच्या तळाशी गोल, गुळगुळीत गोटे पडलेले दिसले, तर ते नदीचे अवजार आहे हे मुलांना सांगावे. खिशात घातलेले अवजार परत ठेवायला लावावे, यावर रडारड होईल.

याच जातीचे खळगे दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीच्या खोऱ्यातही आहेत. तिथल्या खळग्यांना टॉम बर्क या सोनेशोधकाचे नाव मिळाले. निघोजच्या खळग्यांच्या काठी सोन्याच्या आशेने कोणी आलेले नाही, इथे देवी आधीच होती. मळगंगेची चैत्रातली यात्रा मोठी भरते, त्या दिवसांत खळगे पाहायला जाणाऱ्याने गाडी लावायला जागा शोधण्याचा स्वतंत्र संकल्प सोडावा.

छायाचित्रण

प्रत्येक कुटुंबाला असा एक फोटो हवा असतो ज्यात सगळे आहेत, खळगे आहेत आणि कोणाचेही डोळे मिटलेले नाहीत. तो निघत नाही. माणसे नीट आली तर मागे नुसता काळा दगड दिसतो, खळगा नीट आला तर माणसे मुंगीएवढी. यावर उपाय म्हणून एखाद्याला ‘अजून एक पाऊल मागे’ सरकवण्यात येते. हा उपाय विधीतून वगळला आहे. खळग्यांच्या कडा गोलाकार उतरत जातात, त्यामुळे कड कुठे संपते ते पायाला कळत नाही. आत पडलेल्याला वर चढायला खोबणी नसते, कारण नदीने घासून एकही ठेवलेली नाही. ज्या गुणासाठी फोटो काढायचा तोच गुण पडणाऱ्याच्या मुळावर येतो. इथे माणसे बुडालेली आहेत, म्हणून या परिच्छेदात विनोद शोधू नये.

निषिद्ध कर्मे

खळग्यात पोहू नये. वरून पाणी शांत दिसले तरी तळ दिसत नाही. कुकडीवर वरच्या अंगाला येडगावचे धरण आहे, तिथून पाणी सोडल्यावर पात्र कोरडे राहण्याची हमी नदी देत नाही. काठावरचा कोणी स्थानिक ‘तिकडे जाऊ नका’ म्हणाला तर त्याला वाद घालण्यालायक प्रतिपक्ष समजू नये.

खडकावर बदाम कोरून नावे लिहू नयेत. ‘संतोष + पूजा’ पुराने पुसले जाईल ही समजूत खोटी आहे, पांढरा ऑइलपेंट कुकडीपेक्षा चिवट निघतो. निसर्गाला मदतही करू नये. अमेरिकेतल्या युटा राज्यात गॉब्लिन व्हॅली नावाचे उद्यान आहे, जुरासिक काळातल्या वालुकाश्माच्या छत्रीसारख्या खांबांसाठी ते प्रसिद्ध आहे. २०१३ साली मुलांना सहलीला घेऊन आलेल्या स्काउटच्या दोघा प्रौढ नेत्यांनी त्यातली एक शिळा ढकलून पाडली. ती कोणाच्या अंगावर पडेल म्हणून आपण हे केले, असे त्यांचे म्हणणे होते. पाडतानाचा जल्लोष त्यांनीच चित्रित करून जगाला दाखवला आणि पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला. कोटी वर्षांच्या खडकाला धोकादायक ठरवण्याआधी आपण तिथे किती मिनिटे उभे आहोत ते पाहावे, आणि ठरवलेच तर निदान व्हिडिओ काढू नये.

उद्यापन

परतीच्या वाटेवर गाडीत निकाल लागतो. ‘छान आहे, पण करण्यासारखं काही नाही’ हा निकाल शिरूरच्या आत लागलेला बरा, कारण पुढे सगळे झोपतात. निकालावर अपील करू नये.

दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतील, ‘काय पाहिलंत?’ तेव्हा दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. पहिले, नदीने दगड फिरवून दगडातच खळगे पाडले आहेत. दुसरे, त्या कामाला गोटे आणि पूर एवढेच लागले, कोणी मजूर लागला नाही. दुसऱ्या वाक्याच्या मध्येच शेजारी ‘जेवायची सोय आहे का तिथे?’ असे विचारतील. त्याचे उत्तर आधीपासून तयार असावे: डबा न्यावा, आणि रिकामा झाला की तोच डबा परत आणावा.