मा. सिस्टमसाहेब यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. सिस्टमसाहेब,
मुक्काम काउंटरवरचा संगणक,
महामार्गालगतचं एक मोटार शोरूम, जि. भंडारा.

विषय : सीटकव्हरवर आरटीओ टॅक्स लावल्याबद्दल अभिनंदन.
संदर्भ : दसऱ्याच्या तोंडावर आपण छापून दिलेलं कोटेशन.

महोदय,



आपली प्रत्यक्ष भेट कुणालाच मिळत नाही, म्हणून हे पत्र. शोरूममधल्या पोरानं चहा दिला, खुर्ची पुसून दिली, पण टॅक्सचा आकडा विचारल्यावर आपल्याकडे बोट दाखवलं. "सिस्टममधूनच येते जी, आमच्या हाती काही नाही." मॅनेजर म्हणाले, रेट नागपूरच्या हेड ऑफिसातून भरले जातात. नागपूर म्हणालं, सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. कंपनीच्या टोल फ्री नंबरवरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की ऑन रोड किंमत डीलरलाच विचारा. एवढ्या मोठ्या साखळीत आपण सगळ्यांचे वरिष्ठ आहात आणि आपला वरिष्ठ कोणीच नाही. असा मान भंडारा जिल्ह्यात कलेक्टरलाही नाही.

आता आपल्या पराक्रमाकडे वळतो.

गाडी पेट्रोलची, शोरूम किंमत ९,६०,००० रुपये. महाराष्ट्रात घरगुती वापराच्या पेट्रोल मोटारीला एकरकमी टॅक्स असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ आणि त्याच्यावर १३. डिझेलला प्रत्येक पायरीवर २ टक्के जास्त. इन्कम टॅक्समध्ये वाढीव दर वरच्या तुकड्यापुरता असतो, इथे तसं नाही. पायरी ओलांडली की अख्ख्या किमतीला नवा दर लागतो. १० लाखांच्या गाडीचा टॅक्स १,१०,००० रुपये, आणि किंमत एका रुपयानं वाढली की १,२०,०००. माझी गाडी पायरीच्या खाली होती. टॅक्स १,०५,६०० रुपये. त्यावरचा रस्ता सुरक्षेचा छोटा उपकर बाजूला ठेवू. सातवीतल्या पोराला जमेल असं हे गणित आहे.

आपण मात्र १,२०,६०० काढलेत.

हा आकडा आला कुठून, ते शोधायला आपलं कोटेशन खालून वर सोडवावं लागलं. सीटकव्हर, मॅट, म्युझिक सिस्टम आणि दारांवरच्या चकचकीत पट्ट्या मिळून ४५,००० रुपयांचं सामान होतं. त्याचं बिल गाडीच्या बिलापासून वेगळं हवं. आपण ते गाडीच्या किमतीत मिसळलंत. झाले १०,०५,०००. गाडी जागची हलली नव्हती, पण पायरी ओलांडून गेली. ११ चे १२ टक्के झाले.

एवढ्यावर थांबाल तर ते आपण कसले! किंमत १० लाखांच्या वर गेली की डीलरनं गिऱ्हाइकाकडून १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घ्यायचा, असा नियम जून २०१६ पासून आहे, आणि तोही पूर्ण रकमेवर. आपण लगेच १०,०५० रुपये लावलेत. मला गाडीनं नाही, सीटकव्हरनं श्रीमंतांच्या रांगेत बसवलं. टॅक्सचे १५,००० आणि टीसीएसचे १०,०५० मिळून २५,०५० रुपयांची पिल्लं त्या ४५,००० च्या सामानानं घातली. टीसीएस हा मुळात खर्चच नव्हे. तो गिऱ्हाइकाच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. पण गाडीच्या उत्साहात रिटर्नची आठवण कोणाला राहते, हे आपण जाणता. ज्यांनी टीसीएस भरलाय त्यांनी आपल्या २६एएस या आयकराच्या उताऱ्यात एकदा बघून घ्यावं, एवढंच सुचवतो.

पुढची ओळ होती 'नोंदणी व इतर : ७,५००'. मोटारीची नोंदणी फी ६०० रुपये, स्मार्ट कार्डचे २००, बँकेच्या कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. झाले २,३००. त्यात टपालाचे थोडे घाला. उरलेल्या रकमेला 'इतर' म्हणतात. त्यात नंबर प्लेट असावी म्हणावं, तर एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाडीला उच्च सुरक्षा प्लेट कंपनीनंच द्यायची आहे. त्याखाली 'हँडलिंग' आणि 'भंडारा डिलिव्हरी' अशा दोन ओळी होत्या. तुमसरच्या बाजारात धान विकला की पट्टीवर हमाली आणि तोलाई वेगळी लिहिलेली असते, आणि पोतं पाठीवर घेणारा माणूस समोर उभा असतो. आपल्या हँडलिंगमध्ये कोणी काय उचललं, ते मला दाखवा, मी त्याला चहासकट पैसे देतो. राहिली डिलिव्हरी. नागपूर इथून ६० किलोमीटर. बालाघाटच्या बाजूला राज्य बदलतं म्हणून टॅक्सही बदलतो, हे समजू शकतो. पण नागपूरच्या एमएच ४९ आणि भंडाऱ्याच्या एमएच ३६ ला दर एकच आहे. मधल्या कुठल्या पुलावर तो वाढतो, ते आपणच सांगावं.

विम्याचं काय सांगू! थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या नव्या मोटारीला ३ वर्षांचे १०,६४० रुपये आहेत, वर जीएसटी. बाकी विमा गिऱ्हाइकानं हव्या त्या कंपनीकडून घ्यावा. आपण माझी तसदी वाचवून तो आधीच निवडून ठेवला होता, सोबत वाढीव वॉरंटीही.

आपल्या बुद्धीविषयी मला शंका नाही. शंका तिच्या झुकण्याविषयी आहे. माणसाची बेरीज चुकली तर कधी चार रुपये इकडे, कधी तिकडे. आपल्या सगळ्या चुका एकाच बाजूला, चढावर. १ जुलै २०२५ ला सीएनजी मोटारींचा टॅक्स १ टक्क्यानं वाढला, तो शेजाऱ्याच्या कोटेशनवर त्याच सकाळी हजर होता. २२ सप्टेंबरला छोट्या मोटारींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि उपकरही गेला, तेव्हा मात्र माझ्या पहिल्या कोटेशनवर जुनीच किंमत होती. "सिस्टम अपडेट व्हायची आहे जी." वाढ आपल्याला वेळेवर ऐकू येते. कपात ऐकायला कानाचं मशीन लागतं.

पूर्वी आरटीओबाहेर झाडाखाली एजंट बसायचा. त्याच्याशी निदान घासाघीस करता यायची, आणि आत खिडकीवर खरा आकडा कळायचा. आता नवी गाडी आरटीओत न्यावी लागत नाही. शोरूममधूनच 'वाहन' पोर्टलवर कागद चढतात आणि टॅक्स भरला जातो. सोय फार मोठी झाली, पण गिऱ्हाइकाला खिडकी दिसेनाशी झाली आणि आपण तिच्या जागी बसलात. आणि गंमत अशी की 'वाहन' हा आकडा स्वतःच काढतं. तिथे टॅक्स १,०५,६०० च भरला जाणार होता. आपल्या १,२०,६०० मधला फरक सरकारी तिजोरीकडे निघालेलाच नव्हता.

पवनी-लाखांदूरकडचा शेतकरी धानाचे पैसे हाती आल्यावर मोटारसायकल घेतो, साकोलीचा मास्तर कर्जावर गाडी घेतो. दोघंही एकच विचारतात, हप्ता किती? ऑन रोड किमतीवर कर्ज मिळालं की आपली पिल्लंही व्याजानं वाढतात. माझेच २५,०५० रुपये ९ टक्क्यांनी ५ वर्षांच्या कर्जात गेले असते, तर महिन्याला ५२० प्रमाणे ३१,२०० भरले असते. घासाघीस होते ती फुकटच्या मॅटसाठी.

शेवटी मी मॅनेजरना म्हटलं, हाच आकडा मला लेटरहेडवर लिहून द्या, खाली सही करा. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. सामानाच्या ओळीपुढे 'करपात्र' असा एक चौकोन होता, त्यातली टिक काढली. टॅक्स १,०५,६०० वर आला, टीसीएस गेला, 'इतर' ही निम्म्यावर आलं. नागपूर नाही, कंपनी नाही. ज्यांच्या हाती काही नव्हतं, त्यांच्या हाती माऊस होता.

तेव्हा सिस्टमसाहेब, आपल्यावरचा मुख्य आरोप मी मागे घेतो. आपण गुणाकार बरोबरच केलात. कोणी तरी जे भरलं, त्यालाच गुणलंत. आपला गुन्हा एवढाच की त्याचं नाव आपण लपवता. म्हणून तीन विनंत्या आहेत.

१. गाडीचं बिल आणि सामानाचं बिल वेगळं छापावं.

२. टॅक्स, नोंदणी, बोजा, विमा यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात, प्रत्येकीपुढे दर लिहावा आणि गाडीसोबत 'वाहन'ची पावती द्यावी. दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवता आले पाहिजेत. 'इतर' नावाची ओळ कायमची रद्द करावी.

३. कोटेशनच्या तळाशी आपण छापता, 'हे संगणकावर तयार झालेलं आहे, सहीची आवश्यकता नाही'. ते खोडावं. आवश्यकता नेमकी तिचीच आहे. आकडा संगणकाचा असू दे, टिक कोणाची ते खाली नावानिशी लिहावं.

हे पत्र हातानं लिहिलेलं आहे आणि त्यावर माझी सही आहे. उत्तरही तसंच यावं.

आपला,
(सही)
एक गिऱ्हाईक, एमएच ३६