गॅलरीकर

नाशकातल्या कुठल्याही चारमजली सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, लिफ्टचे पैसे न देणारा एक तळमजलेवाला असतो आणि एक गॅलरीकर असतात. आमचे गॅलरीकर तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी अंबडच्या एमआयडीसीत, तीही पहिल्या पाळीची. त्यामुळे शेतीसाठी पहाटेची वीस मिनिटं आणि बायको माहेरी असेल तर रविवार. जमीन सहा बाय चार. तीतही वॉशिंग मशीन, कपड्यांची दोरी आणि गणपतीच्या मखराचा खोका ही जुनी कुळं आहेत. त्यांना गॅलरीकर काकूंचं संरक्षण असल्यामुळे ती हटत नाहीत. उरलेल्या क्षेत्रात ‘आपल्या ताटातलं आपणच पिकवायचं’ असा गॅलरीकरांचा संकल्प आहे.

गॅलरीकरांचं वाचन दांडगं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं भागू शकतं असं मांडलं, हे त्यांना पाठ आहे. दहा गुंठ्यांत अशा साडेचारशे गॅलऱ्या मावतील हे मी एकदा सांगून पाहिलं. ‘म्हणूनच उभी शेती करायची,’ असं म्हणून त्यांनी कठड्याला कापलेल्या बाटल्या टांगल्या. मुंबईच्या डॉ. दोशींनी गच्चीवरच्या शेतीत उसाची चिपाडं वापरली हे वाचल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याशी करार केला. आता ते रस पीत नाहीत, मधुमेह आहे. पण पोतंभर चिपाडं घेऊन ॲक्टिव्हावरून येतात. मागून मुंग्या येतात.

जीवामृताचं प्रकरण मात्र सोसायटीच्या इतिवृत्तात नोंदलं गेलं आहे. सुभाष पाळेकरांचं माप एकरी : दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. गॅलरीकरांनी त्रैराशिक मांडलं. त्यांच्या क्षेत्राला साडेपाच ग्रॅम शेण आणि एक ग्रॅमहून जरासा जास्त गूळ, एकूण जीवामृत अर्धा पेला. आता साडेपाच ग्रॅम शेण मोजून देणारा गोठेवाला पंचवटीतही मिळेना. मग बादलीभर आणलं, आणि आणलंच आहे तर वाया कशाला म्हणून वीस लिटर केलं. बांध म्हणून गॅलरीचा कठडा धरून तिथली माती खरवडली. मिश्रण ४८ तास मुरावं लागतं. छत्तिसाव्या तासाला चौथ्या मजल्यावरच्या लोकांनी मेलेला उंदीर शोधायला सोफा उलटा केला होता.

बांध आला की बांधाचं भांडणही आलं. दोडक्याचा वेल शेजारच्या जाळीवर गेला, तिकडे त्याला एक दोडका लागला आणि शेजाऱ्यांनी तो खाल्ला. गॅलरीकर महिनाभर ‘त्यांनी आमचा बांध कोरला’ म्हणत होते. मोजणी आणायचीच काय ती राहिली.

पिकांचं म्हणाल, तर गॅलरी पूर्वेची. साडेदहाला ऊन निघून जातं, आणि टोमॅटो-वांग्यांना निदान सहा तास ऊन हवं. त्यामुळे त्यांचे टोमॅटो उंची गाठतात आणि फळाच्या बाबतीत संन्यास घेतात. पण नाशिककर असून द्राक्ष नाही लावायचं? रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात थॉमसनचा वेल आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. दोन्ही वेळा रजा. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला की तिकडचे बागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. गॅलरीकरांच्या वेलाला एकही मणी नव्हता, तरी पहाटे चारला त्यांनी घमेल्यात नारळाच्या शेंड्या पेटवल्या. काकूंच्या दोरीवरच्या साड्यांना तो वास संक्रांतीपर्यंत होता.

सगळ्यात मोठा आघात डिसेंबर २०२३ चा. केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा गॅलरीकरांची नऊ रोपं नुकतीच लागली होती. ‘आम्ही शेतकऱ्यांनी करायचं काय?’ असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत. खुद्द लासलगावात एवढी चिंता नसेल. एप्रिलमध्ये कांदे निघाले, पण ‘या भावात विकायचे नाहीत’ म्हणून सुपारीएवढे ते कांदे त्यांनी प्लास्टिकच्या क्रेटच्या चाळीत ठेवले. मे २०२४ मध्ये बंदी उठली. तोवर तिघांना कोंब आले होते.

रोजची आवक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाजार समितीच्या थाटात जाहीर होते : ‘मिरची ७ नग. भेंडी २ नग. मेथी अर्धी जुडी. आवक स्थिर.’ नंतर काकू पिशवी घेऊन बुधवारच्या बाजाराला निघतात. त्याची नोंद कुठेच नसते.

गंमत म्हणजे जे खरोखर पिकतं त्याचा गॅलरीकरांना अभिमान नाही. चार झाडांची मिरची दोघांच्या घराला पुरून उरते. पुदिना, गवती चहा, ओवा आणि कढीपत्ता यांना ना जीवामृत लागतं ना रजा. घंटागाडीत आता या घरातून ओला कचरा जात नाही. हे सगळं माझ्या मते मोठंच आहे, पण ते म्हणतात, ‘त्याला काय शेती म्हणायची?’

यांची वडिलोपार्जित दोन एकर जमीन दिंडोरी तालुक्यात आहे, धाकटा भाऊ कसतो. आणि हे इथे नर्सरीतून माती पोत्याने विकत आणतात! भाऊ पंचवटीच्या मार्केट यार्डात माल टाकून परतताना कधीमधी टोमॅटोचा क्रेट घेऊन वर येतो. परवा आला तेव्हा मीही चहाला होतो. कोथिंबीर शेकडा दोनशेने गेली होती, म्हणजे जुडी दोन रुपयांना.

‘दादा, या भावात काढणीची मजुरी बी निघत नाही,’ तो म्हणाला.

गॅलरीकरांनी सहानुभूतीने मान हलवली. ‘आपल्याकडेही तेच चाललंय.’

भावाने गॅलरीकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे चहा प्यायला. मग जरा संकोचून म्हणाला, ‘वहिनी, थोडा कढीपत्ता द्या ना. पुदिना असंल तर तोही. घरी सांगितलंय आणायला.’

मी विचारलं, दोन एकरांत कढीपत्त्याचं एक झाड नाही?

‘कुठं लावता? एका एकरात टोमॅटो, एकात कोथिंबीर. घरची भाजी आठवडे बाजारातूनच येते आमच्याकडं. मिरचीसुद्धा.’

गॅलरीकर उठले. कात्री घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते कढीपत्त्याची भलीमोठी जुडी, पुदिना आणि पिशवीभर मिरच्या घेऊन. सगळं काकूंच्या काट्यावर ठेवून पाहिलं. भाऊ जिना उतरून गेल्यावर वही काढली, एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, ‘निर्यात’.

काकू म्हणाल्या, ‘त्यात तो क्रेट पण लिहा. आयात म्हणून.’

त्यांनी वही मिटली.