मागची सीट फुकट

पोर्शे या जर्मन कंपनीच्या ९११ नावाच्या स्पोर्ट्स कारला मागची सीट नसते, ही बातमी आमच्या देवळा गावात प्रथम आमच्या ओट्यावर फुटली. २०२४ साली आलेल्या नव्या ९११ मध्ये पुढे दोन माणसं बसतात आणि मागे नुसती मोकळी जागा असते. सीट हवी असेल तर ऑर्डर देताना तसं सांगायचं. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. दोन कोटींच्या घरातल्या गाडीत फुकट मिळणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी ती एक, पण तीसुद्धा तोंडाने मागून घ्यावी लागते.

हे ज्ञान आम्हाला पुतण्यामुळे झालं. तो पुण्यात आयटीत असतो. दिवाळीला घरी आला तो गाडी बुक करायचीच असं ठरवून. घ्यायची होती थार, पण त्याआधी लॅपटॉपवर पोर्शे जुळवत बसायची त्याला सवय आहे. कंपनीच्या साइटवर हवी तशी गाडी रंगरूपासकट तयार करता येते आणि शेवटचं बटण दाबलं नाही तर एक रुपयाही लागत नाही. लग्नाळू मुलाने अंबानींच्या घरची स्थळं बघून यावीत आणि मग तालुक्यातलं ठरवावं, तशातला प्रकार.

"मांगे बसाले जागा शे का?" आईने विचारलं. वय झालं तरी गाडी म्हटलं की तिचा पहिला प्रश्न हाच असतो.

"आजी, मागितली तर फुकट देतात."

"फुकट शे ना? मंग ली ले!"

पुतण्याने मुकाट्याने सीट टाकली. इथून पुढे गाडी त्याची राहिली नाही.

रंगाचा विषय निघाला. यादीतले रंग पसंत नसतील तर जादा पैसे भरून आपण दिलेल्या नमुन्याबरहुकूम रंग लावून मिळतो, असं त्याने सांगितलं. काकू, म्हणजे आमची सौभाग्यवती, लगेच म्हणाली, "भगवा डाळिंबाचा दे." तालुक्यात तेल्या रोगाने बागा उपटून टाकल्या, पण त्या दाण्याचा रंग काही कुणाच्या डोळ्यांपुढून जात नाही. मग डाळिंब पोस्टाने जर्मनीला पाठवलं तर पोचेपर्यंत त्याचा रंग काय होईल, यावर बराच वेळ चर्चा झाली.

मोठे बंधू, म्हणजे आमचे दादा, तेवढ्यात कांद्याच्या रोपांना पाणी देऊन आले. पाय धुऊन, चष्मा लावून त्यांनी यादी वाचायला घेतली. बाजार समितीची हिशोबपट्टी वाचावी तशी. हमाली, तोलाई, वाराई कुठे लपवलीय ते शोधत. एसीची हवा येते त्या जाळीच्या पट्ट्यांना चामडं लावायचे वेगळे पैसे. शिवणीचा दोरा दुसऱ्या रंगाचा हवा तर वेगळे. सीटबेल्ट रंगीत हवा तर वेगळे. किल्लीला गाडीचाच रंग द्यायचा तर तेही वेगळे. मागच्या काचेचा वायपरसुद्धा जादा पैशांच्या यादीत बघून मात्र त्यांनी चष्मा काढला.

"आणि पावसाळ्यात काय करायचं?"

"पप्पा, ही गाडी कुणी पावसात काढत नाही."

"मग पुढचाही वायपर काढून टाक. तेवढे पैसे वाचतील."

"काढायला जास्त पैसे लागतात."

हे खरं आहे. याच ९११ ची जीटी३ आरएस नावाची एक आवृत्ती आहे. तिच्यात दार आतून उघडायला नेहमीची कडी नाही, कापडी पट्टा आहे, तो ओढायचा. वजन कमी व्हावं म्हणून. त्याहून वजन घटवायचं असेल तर वायसाख पॅकेज घ्यायचं, त्याची किंमत आणखी वर. जितकं कमी मिळेल तितके जास्त पैसे! मला वाटलं, दादा आता लॅपटॉप मिटवतील. पण त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. छकड्याचं तसंच असतं."

आणि खरंच तसंच असतं. एके काळी आमच्याकडेही गाडीची तीन मॉडेलं होती. माल वाहायची बैलगाडी, ही साधी. लेकीबाळींना माहेरी आणायची दमणी, ही वरच्या दर्जाची: छत, पडदे, आत गादी, बैलांना झूल, घुंगरमाळा, शिंगांना पितळी शेंब्या. आणि शर्यतीचा छकडा. त्यात काहीही नाही, हाकणाऱ्यालाही जेमतेम टेकायला जागा. तो सगळ्यात हलका आणि त्याला जुंपायची बैलजोडी सगळ्यात महाग. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या तेव्हा छकडे माळ्यावर गेले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा खाली आले, आणि मे २०२३ च्या निकालाने ते खालीच राहिले. तेव्हा वायसाख पॅकेज समजायला दादांना इंजिनिअर व्हावं लागलं नाही.

पण पुढच्या ओळीवर ते अडले. गाडीच्या मागे लिहिलेलं मॉडेलचं नाव काढून हवं असेल तर तीही सोय होती, फुकट. नाव काढायचं? आमच्याकडे गाडी घेतात ती नाव टाकायला. पुढच्या काचेवर सप्तशृंगी माता, मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद, खाली पोरांची नावं वयाच्या क्रमाने. पाच कंदील चौकातून गाडी गेली आणि ती कुणाची हे पानटपरीवरच्याला कळलं नाही, तर ती घेऊन उपयोग काय? माझं तर स्पष्ट मत आहे की एक्स्ट्रा ही वस्तू गाडी चालवणाऱ्यासाठी नसतेच. अलॉय व्हील त्याला आतून दिसत नाही, क्रोमची पट्टी दिसत नाही, नंबरप्लेट दिसत नाही. हजारो रुपये मोजून तो हे सगळं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला भेट देतो.

नंबरप्लेटचं दुःख आमच्याकडे जरा जास्तच आहे. इंग्रजीतले ४१४१ थोडे वळवून लिहिले की ते 'दादा' वाचता येतात, आणि आमचा आरटीओ मालेगावचा, म्हणजे एमएच ४१. थोडक्यात, अर्धा दादा सरकार प्रत्येकालाच देतं. पण एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना शिक्क्याची, ठरावीक अक्षरांची प्लेट आली आणि ही चित्रकला संपली. उरला फक्त आवडीचा नंबर. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने चारचाकीच्या ०००१ ची फी पाच लाख केली. एवढ्यात एक छोटी गाडी येते, तिला मिळेल तो नंबर लावून.

पोर्शेच्या यादीतली एकच गोष्ट सर्वानुमते मंजूर झाली: बटण दाबलं की गाडीचं नाक सुमारे चार सेंटिमीटर उचलणारी यंत्रणा. स्पीड ब्रेकर कुठे आहे ते उपग्रहावरून लक्षात ठेवून पुढच्या वेळी ती आपलं आपण नाक उचलते. कौतुक करावं अशीच गोष्ट. पण जर्मनीत ब्रेकर जागा सोडत नसावेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडे तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांच्या भावना असतील तेवढा उंच होतो आणि मंत्र्यांचा दौरा ठरला की रात्रीतून सपाट. उपग्रहाने तरी किती लक्षात ठेवायचं?

शेवटी बेरीज झाली. तिच्यावर परदेशातून अख्खी गाडी आणायची कस्टम ड्युटी. अशा महाग गाडीवर वर्षानुवर्षं ही ड्युटी गाडीच्या किमतीइतकी पडत आली आहे, म्हणजे रंगीत सीटबेल्टही दोनदा विकत घ्यायचा. सचिन तेंडुलकरलाही हे सुटलं नाही. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ड्युटी माफ केल्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर ती रक्कम भेट देणाऱ्या फियाट कंपनीनेच भरली. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

"गाडी आत आली की ड्युटी, आणि आपला कांदा बाहेर गेला की ड्युटी," दादा म्हणाले. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. त्या हिवाळ्यात उमराण्याच्या मार्केटमध्ये भाव कोसळले तेव्हा आमच्या गल्लीत एकाने बुक केलेल्या गाडीचे अलॉय व्हील रद्द केले, दुसऱ्याने सनरूफवालं मॉडेल सोडून खालचं घेतलं, तिसऱ्याने गाडीच सोडली. जर्मन माणूस आपले एक्स्ट्रा स्वतः ठरवतो. आमचे दिल्लीत ठरतात.

मग पोर्शे बंद केली आणि सगळे नाशिकला थार बघायला गेलो. ती नाशिकच्याच कारखान्यात होते, त्यामुळे कस्टमचा प्रश्न मिटला. पण आपल्याकडे एकेक वस्तू निवडायची सोय कमी. अमुक हवं असेल तर वरचं मॉडेल घ्या, त्यात नको असलेल्या आणखी दहा वस्तू येतात. थारच्या एका मॉडेलच्या तर नावातच 'ऑप्शनल' होतं. छत कडक की कापडी, एवढं विचारलं गेलं. कापडी म्हणताच वहिनी उसळल्या. सटाणा-देवळा-कळवण रस्त्यावर अर्धं आयुष्य काळ्या-पिवळ्या जीपच्या फडफडत्या कापडाखाली गेलं, आता त्याचेच पैसे मोजून द्यायचे?

शोरूममधला मुलगा गोड बोलत यादी वाढवत होता. सिरॅमिक कोटिंग, डोअर व्हायझर, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी. पुतण्याला पुढे दणकट लोखंडी गार्ड हवा होता; तो डिसेंबर २०१७ पासून बेकायदा आहे. काळ्या फिल्म हव्या होत्या. त्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंद केल्या. त्याचं तोंड उतरलं, पण मला आमच्या शाळेतल्या सहकाऱ्याची अल्टो आठवली. तेव्हा अल्टोच्या एका मॉडेलपुढे कंसात 'ओ' असायचा. थोडे हजार रुपये जास्त भरले की ड्रायव्हरला एअरबॅग. त्याने ती वाचवून टेप बसवला होता. त्या काळी सगळे असंच करत. जीव ऐच्छिक आणि गाणी आवश्यक! जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, पुढे शेजारच्याचीही, आणि देशाच्या गाडीविषयक इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा एक्स्ट्रा यादीतून कायमचा गेला. कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

या सगळ्या गडबडीत आई गाडीपाशी उभी होती. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे, आणि विचारलं, "पायरी नही का हाई गाडीले?"

पायरी एक्स्ट्रा होती. ती घेतली. पाडव्याला गाडी दारात आली आणि भावडबारी घाटातली धूळ पहिल्याच आठवड्यात सिरॅमिक कोटिंगवर साध्या रंगावर बसते तशीच बसली. सीट कव्हर काढून ठेवलंय, व्हायझरला भेग गेलीय. आई मात्र पायरीवर पाय ठेवून, कुणाचा हात न धरता पुढे बसते आणि पुतण्याची बायको मागे दुमडून.

तेव्हा गाडी बुक करायला जाल तर घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या. यादी त्यालाच वाचू द्या.