गिटारसंगोपन : नया नगर आवृत्ती

प्रस्तुत मार्गदर्शन मीरा रोड पूर्वेच्या नया नगरातील तमाम गिटारधारकांसाठी आहे. गिटारवादकांसाठी नाही, ते संख्येने थोडे असून त्यांना कोणाचे ऐकून घ्यायची सवय नसते.

प्रथम हवामान. वाद्याभोवतीच्या हवेत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असे गिटार बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. हा सल्ला लिहिणारे बहुतेक थंड मुलखातले. तिकडे हिवाळ्यात घर हीटरने तापवले की हवा इतकी कोरडी होते की गिटारची फळी तडकते. म्हणून ते लोक गिटारच्या पोटात ओला स्पंज ठेवतात. त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही काही उत्साही मंडळींनी स्पंज ठेवल्याचे ऐकिवात आहे. जुलै महिन्यात, नया नगरात! उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधल्या पट्ट्यात भाईंदरची मिठागरे. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मिठाला पाणी सुटते. इथे आणखी स्पंज कशाला? तो भांडी घासायला परत द्यावा.

या हवेत गिटारचे लाकूड पाणी पिते आणि फुगते. ब्रिजमागची फळी पोट काढते, ब्रिज वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताराही. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. श्रावणात ती चारवर गेली की एफ कॉर्ड धरताना पहिल्या बोटातून कळ निघते आणि धारक समजतो की गिटार आपल्या नशिबात नाही. कित्येक गिटारी केवळ या गैरसमजापोटी माळ्यावर गेल्या आहेत. दोष पावसाचा, शिक्षा वाद्याला.

आता निवासव्यवस्था. वन बीएचकेत गिटार कुठेही ठेवली तरी ती कुणाच्या तरी पायात येतेच, तेव्हा पायांचा विचार सोडून भिंतीचा करावा. इमारतीच्या बाहेरच्या अंगाच्या भिंतीवर गिटार टांगू नये. तिला ओल येते. बाथरूमलगतच्या भिंतीवर तर मुळीच नको. वरच्या मजल्याची गळती हा सोसायटीच्या सभेत दरवर्षी येणारा आणि दरवर्षी पुढील सभेपर्यंत तहकूब होणारा विषय आहे. तेवढा काळ कोणतेही वाद्य धीर धरत नाही. शिवाय भिंतीवरच्या गिटारमागे पाल मुक्काम करते. ती भाडे देत नाही, पण डास खाते. तिला हुसकू नये, गिटार हलवावी. आतल्या कोरड्या भिंतीला टेकून, केसमध्ये, चेन लावून ठेवलेली गिटार पावसाळा बऱ्यापैकी काढते. रात्री एसी आणि दिवसभर उघडी खिडकी असा खोलीचा क्रम असेल तर केस अधिकच गरजेची, कारण सतत दमट राहण्यापेक्षा रोजचा चढउतार लाकडाला जास्त बाधतो.

केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नव्या बुटांच्या खोक्यातून आणि बॅगांतून त्या फुकट मिळतात, हे खरे. पण खोके उघडून महिना झाला असेल तर त्यांनी आधीच पोटभर पाणी प्यालेले असते. नव्या आणाव्यात, आणि गणपतीपर्यंत एकदा बदलाव्यात. याच सुमारास घरातून तांदळाची पुरचुंडी ठेवण्याची सूचना येईल. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, किडे मात्र ओढतो. पुरचुंडी सुटून दाणे गिटारच्या पोटात गेले तर ते काढण्यासाठी वाद्य उलटे धरून हलवावे लागते. त्यातून जो आवाज येतो तो काही धारकांच्या वादनापेक्षा तालात असतो.

हवेखालोखाल धोका मायेचा. ईद असो वा दिवाळी, साफसफाईच्या मोहिमेत गिटार सापडली की तिच्यावर आधी ओले फडके फिरते, मग काच पुसायचा निळा फवारा. “अरे, बघ कशी चमकली!” असे आई म्हणते, आणि ती दोन दिवस चमकतेही. २०२० साली कित्येक गिटारींना सॅनिटायझरही मिळाला. स्पिरिटने लॅकर आणि शेलॅकचा थर मऊ पडतो, तेव्हा काहींच्या अंगावर पाच बोटांचे ठसे कायमचे उमटले. शेजारच्या खाला प्रेमाने सुचवतील, “बेटा, खोपरे का तेल लगा, नयी हो जाएगी.” खालांचा शब्द मोडू नये, तेल केसांना लावावे. खोबरेल लाकडात खवट होते आणि धूळ धरून ठेवते. लाकडी फर्निचरच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते, तेही दूर ठेवावे. पुढे दुरुस्तीची वेळ आली तर त्यावर नवा थर बसत नाही. मॅट गिटारला तर कोणतीच पॉलिश लावू नये. हात जिथे पोचतो तिथे ती चकाकते, नाही पोचत तिथे चकाकत नाही, आणि मग ती गिटार पाहणाऱ्याला आजारी वाटते.

अधिकृत साधन एकच : धुऊन धुऊन मऊ पडलेले सुती बनियन. लेबल आणि जाड शिवण कापून टाकावी, नाहीतर चरा पडतो. डाग चिवट असेल तर तोंड जवळ नेऊन “हा” करावे, वाफ धरली की लगेच पुसावे. ही पद्धत बिनखर्चाची आणि निर्धोक आहे. मात्र कांदा खाऊन करू नये. गिटारला फरक पडत नाही, घरच्यांना पडतो.

तारांचा प्रश्न हाताशी निगडित आहे. हैदरी चौकात उभ्याने सीख कबाब खाऊन, बोटे चाटून, थेट वादनास बसणाऱ्याच्या तारा लवकर मरतात. फॉस्फर ब्राँझच्या जाड तारांच्या वेढ्यांत तेल, घाम आणि मृत त्वचा साचते, पातळ पोलादी तारांवर गंज चढतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : पहिल्या तारेवरून बोट सरकवले की खरखर लागते आणि बोटाच्या टोकावर काळी रेघ उमटते. उपाय दोन. वाजवण्याआधी साबणाने हात धुणे, आणि वाजवून झाल्यावर उपरोक्त बनियन तारेभोवती चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत ओढणे, तारेच्या खालच्या बाजूसकट. अर्धे मिनिट लागते. या संपूर्ण मार्गदर्शनातले एवढेच खरोखर करण्याजोगे आहे. बाकीचे वाचून सोडून दिले तरी चालेल.

तरीही तारा बदलाव्या लागतातच. रोज वाजवणाऱ्याने महिन्या-दीड महिन्याने, अधूनमधून वाजवणाऱ्याने तीन महिन्यांनी, केवळ फोटोसाठी धरणाऱ्याने फोटोत गंज दिसू लागला की. ब्रिजच्या पिना पकडीने उपटू नयेत. भोकातून आत हात घालून एका रुपयाच्या नाण्याने पिन खालून वर ढकलावी, ती मुकाट्याने बाहेर येते. सगळ्या तारा एकदम काढल्या तर मान मोडते, अशी एक दंतकथा आहे. सहा हलक्या तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो. म्हणजे एक धडधाकट पाहुणा बारा महिने मानेवर बसलेला. तो तासभर उठला म्हणून घर कोसळत नाही. फक्त त्याला आठवडाभर बाहेर ठेवू नये, मान उलट्या बाजूला झुकू शकते.

तारा निघाल्या की फ्रेटबोर्ड उघडा पडतो, आणि इथे जरा थांबायला हवे. चांगल्या गिटारचा फ्रेटबोर्ड पुष्कळदा शिसवाचा असतो, आणि तो शिसव आपला, सह्याद्रीतला. १९६०च्या दशकात ब्राझीलने आपल्या शिसवाचे ओंडके परदेशी पाठवणे बंद केले, तेव्हा १८३३ पासून गिटारी बनवणारी अमेरिकेची मार्टिन कंपनी १९६९ साली भारतीय शिसवाकडे वळली. २०१७ पासून शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि गिटार विमानाने पाठवणाऱ्यांची कागदपत्रांत दमछाक झाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणजे हे लाकूड पश्चिम घाटातून निघून सातासमुद्रापार जाऊन, कस्टम भरून, पुन्हा मीरा रोडला आलेले असू शकते. आणि आपण त्यावर वडापावची चटणी सांडतो.

फ्रेटच्या कडेला साचलेला मळ जुन्या एटीएम कार्डाच्या काठाने हलकेच खरवडावा. फारच चिकटला असेल तर ०००० नंबरचे स्टील वूल वापरावे, तेही लाकडाच्या रेषेने. हे आणि भांड्यांची तारेची घासणी यांत जो फरक आहे तो फ्रेटबोर्डवर कायमचा नोंदवला जातो. घासण्याआधी साउंडहोलवर कागद चिकटवावा, नाहीतर लोखंडाचा भुगा पिकअपला जाऊन बसतो. मग फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार थेंब, पाच मिनिटांनी कोरडे पुसणे. वर्षातून दोनदा पुरे. आपल्या हवेत एकदाही पुरे. लेमन ऑइल म्हणजे लिंबू नव्हे. फ्रेटबोर्ड फिक्या, चकचकीत मेपलचा असेल तर तेल नकोच. आणि फडक्याला काळा रंग लागला तर घाबरू नये : स्वस्त गिटारीत फिके लाकूड काळे रंगवून शिसव म्हणून बसवलेले असते. दुकानदाराशी भांडायची मुदत उलटून गेलेली असते.

तारा झणझणतात, ही तक्रार थंडीत येते. हवा कोरडी झाली की फुगलेली फळी खाली बसते आणि तारा फ्रेटला घासू लागतात. मिरजेच्या तंबोऱ्यात हीच झणझण कारागीर घोडीवर तासन्‌तास काम करून मुद्दाम आणतात, तिला जवारी म्हणतात, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटारीत तोच आवाज आला की त्याला बिघाड म्हणायचे. तेव्हा घरी शास्त्रीय संगीताचे जाणकार पाहुणे आले तर जवारी म्हणून सांगावे, इतरांसाठी आधी खुंट्यांचे सैल नट आवळावेत. त्यानेच झणझण गेली तर छानच. मानेच्या आतल्या ट्रस रॉडला मात्र पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये, आणि पाना हातात घेतल्यावर व्हिडिओ पाहू नये, आधी पाहावा.

शेवटी प्रवास. विरार लोकलमध्ये गिटार पाठीवर नको, पोटावर घ्यावी. पाठीवरची गिटार मीरा रोडला उतरत नाही, भाईंदरला जाते. शेअर रिक्षात ती चौथी सवारी धरली जाते, त्यावर वाद घालू नये. बंद गाडीत उन्हात ठेवू नये, ब्रिजचा सरस सुटतो. चुकून भजनी मंडळाच्या डब्यात चढलात तर ते वाजवायला सांगणारच. बुवा काळी दोनमध्ये गात असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डीचे आकार, एवढे पाठ असू द्यावे. उतरल्यावर घरी पोचताच तारा पुसाव्यात. डब्यातला घाम फक्त आपला नसतो.

तारा आणायला धोबी तलावच्या फुर्टाडोज या १८६५ सालच्या वाद्यांच्या दुकानापर्यंत जाता येते, नाही गेलात तर त्या घरपोचही येतात. चार माणसांच्या बिर्याणीपेक्षा एक साधा सेट स्वस्त पडतो. दोन मागवावेत, आणि पहिला या रविवारीच चढवावा. दुसरा पाकीट न फोडता कोरड्या जागी ठेवावा.