न गंजणारी आशा

शिडाची मोठी, वापरलेली, ॲल्युमिनियमची नौका विकत घ्यावी आणि पैसे व सवड मिळेल तसतशी ती नव्यासारखी करावी, या संकल्पास युरोपच्या किनाऱ्यांवर ‘रीफिट’ म्हणतात. जुन्या नौकेचे कवच तेवढे कायम ठेवून तिची यंत्रे, तारा, नळ, लाकूडकाम, शिडे आणि दोर बदलणे, असा त्याचा तांत्रिक अर्थ आहे. व्यावहारिक अर्थ असा की, विकणारा सुटतो आणि विकत घेणारा अडकतो. अशा व्यवहारांचे मुख्य क्षेत्र फ्रान्स होय, कारण दूरच्या सफरीच्या ॲल्युमिनियम नौका बांधण्याची परंपरा, नेदरलँड्सचा अपवाद सोडल्यास, त्या देशाइतकी अन्यत्र क्वचितच रुजली. अटलांटिक किनाऱ्यावरील ले साब्ल-दोलोन येथे ‘ओव्हनी’ नौका बांधणारा अल्युबा हा कारखाना आहे, नॉर्मंडीत गार्सियाची परंपरा आहे आणि ब्रिटनीत बोरेआल आहे. या नौका ध्रुवाजवळच्या बर्फात शिरतात, प्रवाळांच्या खडकांवर घासूनही तरतात आणि भरती ओसरली की कील, म्हणजे तळाचे उभे पाते, पोटात ओढून घेऊन वाळूवर सरळ बसतात. पंचवीस-तीस वर्षांनी मालक थकतात व त्या विक्रीस निघतात, आणि नेमक्या त्याच सुमारास कोठेतरी एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या आयुष्याचा हिशेब मांडत बसलेला असतो.

हा गृहस्थ, ज्याला पुढे सोयीसाठी ‘खरेदीदार’ म्हटले आहे, ॲल्युमिनियमकडे वळतो त्यामागे निव्वळ मोह नसतो. त्यामागे तर्कशुद्ध मोह असतो. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, तर ॲल्युमिनियमची केवळ २.७ पट असल्यामुळे तळाला आठ-दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा वापरूनही नौका आटोपशीर वजनाची राहते. त्यातही सागरी कामासाठी ५०८३ किंवा ५०८६ या क्रमांकांची, मॅग्नेशियम मिसळलेली मिश्रधातू घेतली, तर हवा लागताच तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण चिवट थर जमतो, जो खरवडला तरी क्षणात पुन्हा तयार होतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. म्हणून पाण्यावरील भागाला रंग देण्याचीही गरज पडत नाही, आणि अनेक फ्रेंच दर्यावर्दी तो देतही नाहीत. परिणामी जगातील काही अत्यंत महागड्या नौका दुरून पाण्याच्या टाकीसारख्या दिसतात.

या गुणांतच पुढील सर्व अनर्थाचे मूळ आहे, आणि ते समजण्यासाठी इतर पदार्थांचा स्वभाव पाहावा लागतो. लाकडी नौका कुजते, पोलादी नौका गंजते, आणि काचतंतूच्या नौकेच्या तळाला ऑस्मोसिसचे, म्हणजे आत झिरपलेल्या पाण्याचे, फोड येतात. या तिन्ही प्रकारांत एक दिवस असा उगवतो की जाणता सुतार किंवा लोहार मान हलवतो, खरेदीदार चार दिवस जेवत नाही, आणि पाचव्या दिवशी तो व त्याचे कुटुंब संकटातून मुक्त होतात. ॲल्युमिनियम ही मुक्ती देत नाही. इंजिन बंद पडलेले असो, शिडांच्या चिंध्या झालेल्या असोत, विजेच्या तारांना उंदीर लागलेले असोत, कवच मात्र शाबूतच असते, आणि ‘कवच शाबूत आहे’ या एका वाक्याच्या आधारावर माणूस दशकभर खर्च करू शकतो. धातू गंजत नाही म्हणून आशाही गंजत नाही, हा या विषयाचा मूलभूत सिद्धांत मानण्यास हरकत नसावी.

या सिद्धांताला भूमितीचीही साथ आहे. खरेदीदार प्रथम ४५ फुटी नौका पाहायला जातो आणि तिच्याच शेजारी, जवळपास त्याच किमतीत, ५५ फुटी नौका उभी असलेली त्याला आढळते. लांबीत फरक दहा फुटांचा, म्हणजे सुमारे २२ टक्के. परंतु आकार सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात वाढला तर आकारमान लांबीच्या घनाने वाढते, त्यामुळे नौकेचा पसारा सुमारे ८३ टक्क्यांनी वाढतो. त्या पसाऱ्यास ओढणारे शीड मोठे, शिडास ताणणारी विंच मोठी, नौकेस धरून ठेवणारा नांगर मोठा, आणि तिला पाण्याबाहेर काढणारी क्रेनसुद्धा मोठी लागते. एवढी मोठी वस्तू एवढ्या कमी किमतीत का मिळते, या प्रश्नाचे उत्तर याच गणितात दडलेले असते. पण खरेदीदार ते उत्तर स्वतःच्या वाटाघाटीच्या कौशल्यात शोधतो.

ॲल्युमिनियम अमर आहे असे मात्र कोणी समजू नये. ते संगतीने बिघडते. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकवून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांची मिळून एक बॅटरी तयार होते आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो; या क्रियेला गॅल्व्हानिक झीज म्हणतात, आणि नौकेवर नेहमी आढळणाऱ्या धातूंपैकी जस्त व मॅग्नेशियम सोडल्यास जवळजवळ प्रत्येकापुढे विरघळण्याची पाळी ॲल्युमिनियमवरच येते. ज्या घरांत जर्मनच्या पातेल्यात चिंचेचे सार ठेवू नये असा दंडक होता, त्या घरांतील वाचकांना या धातूचा नाजूक स्वभाव वेगळा सांगायला नको. याचा सर्वांत भव्य दाखला म्हणजे १८९५ साली अमेरिका चषकाच्या शर्यतीसाठी नॅथॅनियल हेरशॉफ या थोर आरेखकाने बांधलेली ‘डिफेंडर’ ही नौका. तिच्या पाण्याखालील भागास मँगनीज ब्राँझ, वरच्या भागास ॲल्युमिनियम आणि सांगाड्यास पोलाद, अशी तीन धातूंची योजना होती. वजन कमी झाले, नौका जिंकली, आणि खाऱ्या पाण्याने आपले काम सुरू केले. ज्या धातूंनी मिळून शर्यत जिंकली त्यांनी नंतर एकमेकांना खायला घेतले, आणि १९०१ मध्ये ती मोडीत निघाली. डिफेंडरच्या मालकांत धनाढ्य वँडरबिल्ट घराण्यातील एकजण होते, त्यामुळे त्यांना हा प्रयोग परवडला.

आधुनिक नौकेवर याच झिजेला रोखण्यासाठी पाण्याखाली जस्ताच्या वड्या बसवतात, ज्या स्वतः विरघळून नौकेला वाचवतात. अशा रीतीने नौकेसाठी दोघेजण झिजतात, जस्त आणि मालक. त्यांपैकी जस्त दरवर्षी नवे बसवता येते. तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून इतर नौकांना लावतात तो तांबेयुक्त रंग येथे चालत नाही, कारण तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे वैर जुने आहे. पोलादी बोल्ट लावायचा तर मध्ये रोधक लेप हवा, आणि बंदरातील वीज घ्यायची तर मध्ये विलगक ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर शेजारच्या नौकांसह सगळे बंदरच एका मोठ्या बॅटरीत सामील होते. सर्वांत सूक्ष्म धोका नाण्यांचा आहे. एक, दोन आणि पाच सेंटची युरो नाणी तांब्याने मढवलेली असतात, आणि त्यांतील एखादे नौकेच्या तळातील ओलसर खोबणीत घरंगळले तर कालांतराने तेथे खड्डा पडू शकतो. नौकेत हजारो युरो ओतून जो परिणाम दिसत नाही तो एका सेंटने दिसून येतो, ही अर्थशास्त्राने दखल घ्यावी अशी बाब आहे.

खरेदीपूर्वी सर्व्हेअरकडून, म्हणजे नौकेच्या प्रकृतीचा दाखला देणाऱ्या तज्ज्ञाकडून, तपासणी करून घेण्याची प्रथा आहे. तो श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी मोजतो, झडपा उघडझाप करून पाहतो आणि शेवटी जाडजूड अहवाल देतो, ज्यात जेथे हात पोहोचला नाही त्या भागाविषयी मत व्यक्त केलेले नाही असे नमूद असते. हात न पोहोचलेला भाग म्हणजे टाक्यांच्या खाली, फर्निचरच्या मागे आणि उष्णतारोधक फोमच्या आड असलेले सर्व काही. म्हणजे ज्या ठिकाणी ओल साचून धातूला खड्डे पडतात नेमकी तीच ठिकाणे. विक्रेत्याची भाषाही याच काळजीने घडवलेली असते. ‘बरेचसे काम झालेले’ याचा अर्थ सुटे भाग काढून खोक्यांत भरलेले, ‘कल्पक मालकासाठी’ याचा अर्थ नकाशे हरवलेले, आणि ‘कौटुंबिक कारणास्तव विक्री’ याचा अर्थ पत्नीने शेवटची ताकीद दिलेली, असा लावल्यास फारशी चूक होत नाही.

मग काम सुरू होते, आणि येथे रीफिटचा दुसरा सिद्धांत प्रत्ययास येतो, तो असा की कोणतेही काम पहिले नसते. तळाजवळच्या एका पत्र्याचा हातभर तुकडा बदलायचा, एवढेच ठरलेले असते. पण त्यासाठी वेल्डिंग करावे लागते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतला पॉलियुरेथेन फोम पेटून विषारी धूर होण्याची भीती असल्यामुळे आधी तो खरवडून काढावा लागतो, फोमपर्यंत पोहोचण्यासाठी पलंग व कपाटे उखडावी लागतात, कपाटांमागून गेलेल्या तारा त्या भरात तुटतात, तुटलेल्या तारा जोडण्याऐवजी सगळ्याच नव्या टाकाव्यात असे सुचते, नव्या तारांना जुन्या बॅटऱ्या शोभत नाहीत, लिथियम बॅटऱ्या घेतल्या की जुना अल्टरनेटर अपुरा ठरतो, आणि अल्टरनेटर बदलण्यासाठी इंजिनाकडे पाहिले की ते तर मुळातच बदलायचे होते असा साक्षात्कार होतो. या अवधीत तो हातभर तुकडा कोपऱ्यात शांतपणे पडलेला असतो.

वेल्डिंगची कथा निराळीच आहे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्यावरचा तो संरक्षक ऑक्साइड वितळण्यास दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. शिवाय तापताना हा धातू पोलादासारखा लाल होत नाही, तो आहे तसाच दिसतो आणि एकाएकी खाली गळतो. म्हणून कुशल वेल्डर लागतो, आणि आर्गॉन वायूचे जे आवरण वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करते ते वाऱ्याने उडून जाते, म्हणून निवारा लागतो. भूमध्य समुद्राकाठी पोर्ट-सें-लुई-द्यु-रोन येथे पोर्ट नेपोलियन नावाचा नौका उभ्या करण्याचा मोठा तळ आहे, जेथे ‘मिस्त्राल’ हा उत्तरेचा थंड वारा दिवसेंदिवस वाहतो. वारा असला की वेल्डिंग होत नाही. वारा नसला की वेल्डर समुद्रावर गेलेला असतो.

असे तळ समाजशास्त्रज्ञांनी आवर्जून पाहावेत. तेथे टेकूंवर उभ्या केलेल्या नौकांमध्ये माणसे राहतात, शिडी लावून घरात चढतात, आणि पाण्यापासून शंभर पावलांवर वर्षानुवर्षे पाण्याविषयी बोलतात. तेथे भाडे बहुधा नौकेच्या लांबीवर आकारतात, काम पुढे सरकले की नाही यावर नव्हे. नवागताने ‘कधी निघणार?’ असे कोणालाही विचारू नये, तो असभ्यपणा समजला जातो. ‘सध्या कोणते काम चालू आहे?’ असे विचारावे, म्हणजे संध्याकाळ निघून जाते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या नौकेकडे पाहून हा काही सुटत नाही असे मनात म्हणतो आणि स्वतःच्या नौकेसाठी नवे सामान मागवतो. खर्चाविषयी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण येथे अपुरी पडते, कारण मसाला संपत नाही आणि कोंबडी शिजत नाही. हिशेबाची वही बहुतेक मालक ठेवत नाहीत; जे ठेवतात ते ती घरच्यांपासून लपवतात.

यावर असा आक्षेप येईल की, समुद्र हा काही थट्टेचा विषय नव्हे, आणि कच्च्या तयारीने निघालेला माणूस परत येत नाही. आक्षेप रास्त आहे; मात्र सुरक्षिततेची तयारी आणि परिपूर्णतेची तयारी यांत फरक आहे. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्यात असा विमा कंपन्यांचा बहुधा आग्रह असतो, तो योग्यच आहे. भटारखान्याला संगमरवरी दिसणारा कट्टा हवा, असा आग्रह कोणतीही विमा कंपनी धरत नाही. बर्नार म्वातेसिए या फ्रेंच दर्यावर्द्याची ‘जोशुआ’ ही पोलादी नौका १९६२ साली तयार झाली, तेव्हा तिच्या डोलकाठ्या टेलिफोनच्या खांबांपासून केलेल्या होत्या. त्याच नौकेने १९६८-६९ मध्ये तो एकट्याने, न थांबता दीड पृथ्वीप्रदक्षिणेएवढे अंतर कापून ताहितीला पोहोचला. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर, गोव्यात लाकूड व काचतंतूंपासून बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटे निघाले. मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ते मुंबईस परतले. ती नौका नवी होती, तिच्यामागे नौदल उभे होते, हे खरे. पण निघण्याची तारीख ठरलेली होती, हे त्याहून खरे. रीफिटमध्ये जी एकमेव वस्तू कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही ती हीच तारीख होय.

तेव्हा ज्याला नौका दुरुस्त करण्यातच आनंद आहे त्याने मोठी, जुनी, ॲल्युमिनियमची नौका बेलाशक घ्यावी. ती त्याला आयुष्यभर पुरेल आणि बहुधा त्याच्या मुलांनाही पुरेल, त्यांची इच्छा असो वा नसो. ज्याला मात्र समुद्रावर जायचे आहे त्याने दहा फूट लहान, थोडी महाग, आणि मागच्याच मोसमात कोणी चालवलेली नौका घ्यावी, कारण तिचा रीफिट दुसऱ्या कोणीतरी पुरा केलेला असतो आणि त्या बिचाऱ्याला त्याचा निम्माही खर्च परत मिळालेला नसतो.