श्री. वेताळ यांस, मु. पो. कवटीची गुहा

श्री. वेताळ (एकविसावे),
डेंकालीचे जंगल, आफ्रिका

सा. न. वि. वि.

1964 साली इंद्रजाल कॉमिक्स निघाली आणि तुमचा आमच्याकडे राबता सुरू झाला. शाळेतला भूगोल परीक्षेपुरता. आफ्रिका आम्हाला शिकवलीत ती तुम्हीच. त्याचे आभार मानावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

काय आफ्रिका होती! जंगल, ढोल, भाले आणि सदा भेदरलेली माणसं. त्या बुटक्या बांदर लोकांपाशी विषारी बाण. नुसता ओरखडा उठला तरी माणूस आडवा. जंगलाची खडान्‌खडा माहितीही त्यांनाच. तरी त्यांना राखायला मुखवट्यातला एक गोरा लागायचा, तोही वंशपरंपरेने. एवढ्या उकाड्यात अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख घालून हिंडणाऱ्याकडे न्यायनिवाड्याला यायचे, म्हणजे मंडळी भलतीच सोशिक.

ली फॉक यांनी तुम्हाला 1936 साली जन्माला घातलं, तेव्हा जवळजवळ सगळी आफ्रिका युरोपच्या टाचेखाली होती. पुढे 1960 या एकाच वर्षात तिथले 17 देश स्वतंत्र झाले. तुम्हीही वारं ओळखून डॉ. लुआगांना अध्यक्ष होऊ दिलंत. जंगल गस्ती दलाचे अज्ञात सेनापती मात्र तुम्हीच. तिजोरीतल्या चिठ्ठीवर हुकूम सुटायचे. अध्यक्ष खुर्चीत आणि सूत्रं गुहेत, ही पद्धत आम्हा महाराष्ट्रातल्यांना काही परकी नाही म्हणा.

एक बारीकशी शंका. तुमच्या घराण्याची शपथ 1536 ची. त्यानंतर दहा-बारा वर्षांत आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला एक पोर गुलाम म्हणून विकला जात जात आमच्या अहमदनगरपर्यंत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मलिक अंबर! त्याने खडकी वसवली, नहर काढून तिला पाणी दिलं, जमिनी मोजून सारा बांधून दिला. गनिमी काव्याने मोगलांना इतकं जेरीस आणलं की बादशहा जहांगीरने शेवटी चित्रकाराकडून हौस भागवून घेतली. चित्रात भाल्याच्या टोकावर अंबरचं मुंडकं आणि त्यावर नेम धरून बादशहा. खरं मुंडकं 1626 पर्यंत धडावर शाबूत होतं. दख्खन राखायला आफ्रिकेतून माणूस आला तेव्हा तुमचे पूर्वज कुठल्या टोळीला वाचवत होते?

तुमची शिकवण मात्र चांगली मुरली आहे. पुण्यात शिकायला आलेला नैरोबीचा मुलगा खोली बघायला गेला की घरमालक विचारणार, ‘तुमच्याकडे सिंह रस्त्यावर फिरतात का हो?’ आमच्या बोरिवलीत बिबट्या वस्तीत शिरून कुत्री उचलतो, हे त्या वेळी कुणाला आठवत नाही. त्या मुलाच्या देशात 2007 पासून लोक साध्या मोबाइलवर एकमेकांना पैसे पाठवतात. आपलं यूपीआय 2016 चं. एवढं सांगूनही अनामत रोखच मागतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. : सुरुवातीच्या गोष्टींत तुमचा देश आशियात होता, नंतर तो आफ्रिकेत हलवला गेला. हलवताना तिथल्या रहिवाशांना नोटीस दिली होती का, ते उलट टपाली कळवावे.